सोनोग्राफी मशीन परत न्या, सिस्टर परत द्या : मेळघाटाच्या देणगीदारांना खुलं पत्र

प्रति,
मेळघाटातल्या बाळंतपणांसाठी मदत करणाऱ्या कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग, मुंबई-पुण्याचे धर्मादाय ट्रस्ट आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं

विषय : माणसांच्या पगारासाठीची मदत बंद करून यंत्रांसाठी मंजूर केल्याबाबत

स.न.वि.वि.

मी नर्सबाई. 1988 साली चिखलदरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका, म्हणून रुजू झाले, 2019 मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून धारणी तालुक्यात एका संस्थेच्या छोट्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम बघते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र संस्थेने लिहायला सांगितलेलं नाही. उलट विश्वस्तांनी ‘बाई, देणगीदार दुखावतील’ असं बजावलं होतं. दुखावलात तर माझ्यावर रागवा, दवाखान्यावर नको.

मार्चमध्ये आम्हाला एका कंपनीचं पत्र आलं. ‘प्रकल्पाचा कालावधी पूर्ण झाल्यामुळे’ 31 मार्चपासून दोन सिस्टर, एक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकीण यांच्या मानधनाचं अनुदान संपत आहे, आतापर्यंतच्या सहकार्याबद्दल आभार. त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आनंदाची बातमी होती : दवाखान्यासाठी नवीन सोनोग्राफी मशीन मंजूर झालं आहे, लोकार्पणाची तारीख कळवावी.

ते मशीन मे महिन्यात आलं. आजही खोक्यातच आहे. का, ते पुढे सांगते.

आधी गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली एक रात्र सांगते. पाऊस तीन दिवस लागून होता. रात्री साडेअकराला आशाताई एका बाईला घेऊन आल्या. तिसरं बाळंतपण, घरीच झालेलं. मूल ठीक होतं, पण वार अडकलेली आणि अंगावरून एकसारखं जात होतं. लुगडं पिळून निघेल इतकं. आमची धाकटी सिस्टर ड्यूटीवर होती, स्वतः कोरकू आदिवासी घरातली, जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली. तिने एका हाताने ओटीपोट चोळायला घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला फ्रीजकडे बोट दाखवलं. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. लाइट गेली की ती दर वेळी ते बर्फाच्या डब्यात हलवायची, म्हणून त्या रात्री इंजेक्शनात जीव होता. दोन्ही हातांना सलाईन लावलं. वार आली, तरी रक्त पूर्ण थांबेना. बाईचे डोळे पांढरे पडत होते.

ड्रायव्हरने गाडी काढली. धारणीला रक्ताची सोय होईल की थेट अमरावती गाठावी लागेल याचा भरवसा नव्हता. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, घाट, परतवाडा आणि मग अमरावतीचं डफरीन, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय, असे जवळपास दीडशे किलोमीटर. नेहमीच्या वाटेवरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, बुडाला असणार हे त्याला पाण्याच्या आवाजावरून कळलं. त्याने शेताकडेची दुसरी वाट धरली. सिस्टर मागे बसून सगळ्या वाटेत पोटावरचा हात न काढता होती. ती बाई वाचली. होळीला मूल कडेवर घेऊन आली आणि मोहाची फुलं देऊन गेली.

त्या रात्री कामाला आलं काय? एक कसलेला हात, थंड ठेवलेलं एक इंजेक्शन, रपट्याची माहिती असलेला एक माणूस आणि डिझेल. आता तो ड्रायव्हर बुऱ्हाणपूरकडे ट्रॅक्टरवर आहे. धाकटी सिस्टर अकोल्याला एका खाजगी रुग्णालयात गेली. तिला थांबवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. घरी दोन भावंडं शिकतायत, चार महिने बिनपगारी राहा असं कसं म्हणू?

आता तक्रारी. एकेक करून मांडते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी. पगाराला तुम्ही ‘प्रशासकीय खर्च’ म्हणता. आमच्या अर्जात ‘सिस्टरचं मानधन’ असा रकाना दिसला की तुमच्याकडचा तरुण अधिकारी फोन करतो आणि म्हणतो, ‘मॅडम, ओव्हरहेड जास्त होतोय, यातून काही कमी करता येईल का?’ बाळंतपणात सिस्टर हा ओव्हरहेड असेल तर मूळ काम कोणतं? मी माझ्या भाच्याकडून, तो सीए आहे, नियम समजून घेतले. कंपनी कायद्याच्या कलम 135 खालचे सीएसआरचे नियम 2021 मध्ये बदलले. प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीने आपलं सीएसआरचं कामकाज चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यातून वगळलेला आहे, तसं नियमातच लिहिलंय. म्हणजे लेबर रूममध्ये उभ्या असलेल्या सिस्टरचा पगार त्या 5 टक्क्यांत येत नाही. परदेशातल्या मंडळांचं म्हणाल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, हे खरं. पण त्याच कायद्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरू नयेत, असं उदाहरण देऊन सांगितलंय. डॉक्टरचा पगार धरायचा नाही तर सिस्टरचाच का धरता? कायद्याचं नाव पुढे करून जी काटछाट चालते, ती कायद्याने सांगितलेली नाही. यंत्रावर नावाची पाटी बसते, सिस्टरच्या एप्रनवर बसत नाही, एवढंच मला त्यामागचं कारण दिसतं. चुकत असेन तर सांगा.

दुसरी. यंत्र देण्याआधी विचारत नाही. सोनोग्राफी मशीन खोक्यात का आहे? कारण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी असल्याशिवाय मशीन वापरता येत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ते विकताही येत नाही. नोंदणीसाठी पात्र डॉक्टर दाखवावा लागतो. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीमागे एफ फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे सोनोग्राफीचा डॉक्टर नाही, म्हणून नोंदणी नाही, म्हणून मशीनला हात लावला तरी गुन्हा. हा कायदा वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही, मुलींसाठी तो हवाच. पण विक्रेत्याने ही अडचण तुम्हाला सांगितली नाही, तुम्ही आम्हाला विचारलं नाही, आणि आम्ही ‘नको’ म्हणालो नाही. तेवढी चूक आमचीही. ‘नको’ म्हटलं तर पुढच्या वर्षी काहीच मिळणार नाही, ही भीती असते. विश्वस्तांनी खोक्यावर चादर टाकून ठेवली आहे. त्याच्यावर आता लसीकरणाची रजिस्टरं असतात.

बाळाला ऊब देणारा वॉर्मर याआधी असाच आला होता. व्होल्टेज वरखाली होऊन पहिल्याच पावसाळ्यात जळाला. स्टॅबिलायझर ‘बजेटमध्ये नव्हता’. दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायचे पैसे मागत होता, तेही बजेटमध्ये नव्हते.

तिसरी तक्रार, तीन वर्षांची. नियमात चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षं आहे. आमचं अनुदान 2021-22 मध्ये सुरू झालं, मार्च 2025 मध्ये संपलं. कागद चोख आहे. पण ती मुदत संपल्यावर त्याच कामासाठी नवा प्रकल्प मंजूर करू नका, असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा.

आणि तीन वर्षांत इथे काय होतं, ते मी सांगते. पहिलं वर्ष ओळखीत जातं. कोरकू ही मराठीच्या नात्यातली भाषा नाही, मुंडा कुळातली आहे. बाहेरून आलेल्या सिस्टरला ‘कळा कधीपासून येतायत’ एवढं विचारायला शिकता शिकता पावसाळा जातो. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं कामाला बाहेर पडतात. गरोदरपणाचं कार्ड काढलेली बाई होळीला परत येते तेव्हा तिला सातवा-आठवा लागलेला असतो आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली. दुसऱ्या वर्षी सासवा येऊ लागतात, बघायला, की ही लोकं सुनेचं काय करतात. पलंगावर आडवं पाडून पाय बांधतात की हवं तसं बसू देतात, घरची सुईण आत चालते का, भूमकाने (गावच्या वैदूने) दिलेला ताईत काढायला लावतात का. आम्ही सुईणीला आत घेतो, ताईत राहू देतो. तिसऱ्या वर्षी बाई पहिल्या कळेला येते, रक्त वाहायला लागल्यावर नव्हे. आणि तेव्हाच तुमचं ‘सहकार्याबद्दल आभार’ येतं.

दवाखान्यामागे आमची एक खोली आहे. सरकारने आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर योजना आणली, तिच्याच धर्तीवर. लांबच्या पाड्यातली बाई दिवस भरत आले की आठ-दहा दिवस आधी येऊन राहते, सोबत एखादं लेकरू आणि घरचं माणूस. रात्री नाला ओलांडायची वेळच येऊ नये म्हणून. ही खोली चालते ती स्वयंपाकिणीवर. गरम भाकर आणि आमटी मिळते म्हणून बाई राहते. जेवण नसेल तर तिसऱ्या दिवशी नवरा म्हणतो, चल घरी. तुमच्या तक्त्यात या बाईचं पद ‘सपोर्ट स्टाफ’ होतं आणि काटछाटीत तिच्यावर सगळ्यात आधी रेघ मारली गेली.

चौथी तक्रार लहान आहे, पण मनात सलते. फोटो. कळा देणाऱ्या बाईचे फोटो मागू नका. बाळंतिणीला तासाभरात ‘कंपनीचं किट’ हातात देऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. तुमच्या घरच्या लेकीचा असा फोटो तुम्ही वार्षिक अहवालात छापाल का?

पाचवी. तुम्ही येता डिसेंबर-जानेवारीत. हवा छान असते, चिखलदऱ्याला मुक्काम होतो, रस्ते कोरडे. तेव्हा मेळघाट सुंदरच दिसतो. बाळंतपणं मात्र बाराही महिने होतात.

मला माहीत आहे, वाचणाऱ्यांपैकी कोणी तरी म्हणेल, बाई, हे सरकारचं काम आहे, त्यांना लिहा. लिहिलंय, नोकरीत असताना एकतीस वर्षं लिहिलं, रिक्त पदांची यादी मला पाठ होती. आणि सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मी रुजू झाले तेव्हा बाळंतपण म्हणजे घरीच. 2005 मध्ये जननी सुरक्षा आली, 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा आली आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, जेवण, ने-आण फुकट झाली. 2014 पासून 108 ची गाडी आली. सरकारच्या 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, देशात 97, आसामात 195. हे आकडे खाली आणायला माझ्यासारख्या हजारो जणींनी रात्री जागवल्यात, त्याचा मला अभिमान आहे. पण 33 हा सगळ्या राज्याचा आकडा. त्यात मुंबई-पुणेही आलं आणि रपट्यापलीकडचा पाडाही. सरकारी गाडी जिथवर पोचते तिथून पुढची फट कोणीतरी भरायची असते. ती भरायला धर्मादाय पैसा. आज तो नेमका जिथे सरकारनेही दिलंय तिथे जातो : बाळाचे कपडे, झबली-टोपडी, इमारतीला रंग.

दान माणसांवर खर्च करणं ही काही नवी कल्पना नाही. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही सगळे डफरीन म्हणतात. ते नाव आलं लेडी डफरीन यांच्या 1885 च्या निधीवरून, हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून उभ्या केलेल्या निधीवरून. मुंबईत त्याआधीच सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी वर्गणी गोळा केली, ती विलायतेहून डॉक्टर बायका आणण्यासाठी. त्यातून एडिथ पीची 1883 मध्ये मुंबईला आल्या. पेस्तनजी कामा यांनी इमारतीला पैसे दिले आणि 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. इमारत एकाने दिली, आत काम करणारी बाई दुसऱ्यांनी आणली. दोन्ही लागतं हे त्या शेटजींना कळत होतं.

जवळचं सांगायचं तर डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं ते गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं की तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. या कामांना देणगी देणाऱ्यांनी पाटी कुठे लावली असती? बाईच्या डोक्यावर?

आणि हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात सुमारे 2,60,000 बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा अफगाणिस्तानात सुईणींचे पगार थांबले आणि बाळंतपणाची छोटी केंद्रं बंद पडली. भिंती तशाच उभ्या आहेत. दुसरीकडे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांत एक अभ्यास झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त किती गेलं ते डोळ्यांनी अंदाज न करता मोजायचं, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की सगळे उपचार एकदम द्यायचे. 2023 मध्ये निकाल आला : गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण 60 टक्क्यांनी कमी. पिशवी स्वस्त आहे. पण ती वाचणारी, आणि वाचून लगेच हात चालवणारी, सिस्टर लागते. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही पुठ्ठ्यांत पाच-पाच ग्रॅम देऊन पुढे पाठवायचं, हे एएनएमलाही शिकवलेलं असतं. औषध महाग नाही. रात्री दोन वाजता ते देणारी जागेवर असली पाहिजे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

बंद केलेली चार मानधनं किमान पुढच्या मार्चपर्यंत चालू करा. त्यानंतरचा करार पाच वर्षांच्या हिशेबाने करा, लागलं तर दोन प्रकल्पांत विभागून, आणि थांबवायचं असेल तेव्हा एक वर्ष आधी सांगा, म्हणजे आम्हाला दुसरी सोय बघता येईल.

अर्जातून सिस्टर, ड्रायव्हर, स्वयंपाकीण यांना ‘ओव्हरहेड’ म्हणणारा रकाना काढा.

यंत्र देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा : चालवणार कोण, परवाना आहे का, वीज टिकते का, बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार. चारांपैकी एकाचं जरी उत्तर नसेल तर देऊ नका. सोनोग्राफी मशीन परत न्या, किंवा नोंदणीसह डॉक्टर महिन्यातून काही ठरावीक दिवस येईल अशी सोय करा. दोन्हीला आमची तयारी आहे.

डिझेल, टायर, फ्रीजसाठी इन्व्हर्टर यांना पैसे द्या. यावर फोटो निघत नाही, मला कल्पना आहे.

रक्त साठवण्याची सोय धारणीत बारा महिने चोवीस तास चालू राहावी यासाठी सगळ्या देणगीदारांनी मिळून सरकारशी बोला. एकट्या संस्थेचं तिथे कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. तिथे तंत्रज्ञाच्या पगाराचा प्रश्न निघेल. पहिला मुद्दा पुन्हा वाचा.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये या. एकच रात्र राहा. झोपायला आमच्याकडे जागा आहे, गाद्या तुम्हीच दिलेल्या आहेत.

तुमच्यापैकी काहींनी खूप चांगलं केलंय, ते मी विसरलेले नाही. त्या रात्रीची जीप एका मंडळानेच दिलेली होती, दारावर नाव आहे, चिखलाखाली झाकलेलं असतं. तिच्या चारही टायरांचे पैसे मात्र आम्ही गावात वर्गणी काढून भरले, त्यात त्या बाईच्या सासऱ्याचे पन्नास रुपये होते.

आज खोलीत पाच बायका आहेत. एकीची तारीख येत्या सोमवारची आहे आणि पहिलटकरीण आहे. स्वयंपाक सध्या मी आणि एक आशाताई आलटूनपालटून करतो. माझ्या गुडघ्यांनी दिवाळीपर्यंत साथ दिली तरी खूप. म्हणून उत्तर 15 ऑगस्टच्या आत कळवावं, ही विनंती. फोन लागत नाही, पत्रच पाठवा, किंवा धारणीच्या बसने कोणाला तरी धाडा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
धारणी तालुका, जिल्हा अमरावती
जुलै 2025